तालमीच्या दारातून

१४ नोव्हेंबर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून शाळेतला बालदिनच येतो. नेहरूंच्या फोटोला हार, मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण आणि शेवटी तळहातावर पडलेली लिमलेटची गोळी. याच तारखेला आणखी एका माणसाची जयंती असते, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. बी.ए.ला इतिहास होता माझा, तरीही!

ते कळलं कळंब तालुक्यातल्या एका वस्तीत. बचत गटाच्या बैठकीला म्हणून वह्यांचं गाठोडं घेऊन गेले होते, तर निम्म्या घरांना कुलपं. दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ते पार उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही लेकरं. त्या दिवशी समाजमंदिरापुढे एका बाकड्यावर फोटो मांडला होता. डोक्याला पागोटं, भरघोस मिशा, रोखून पाहणारे डोळे. पुढे नारळ, उदबत्ती. आणि त्या फोटोसमोरच्या मोकळ्या जागेत सात-आठ पोरी काठ्या फिरवत होत्या.

मी आपली बघतच राहिले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये लेझीम खेळतात तसं ते नव्हतं. एक सत्तरीचे आजोबा कडेला उकिडवे बसून नुसतं ‘पाय... पाय बघ...’ म्हणत होते. सगळ्यात पुढे आठवीतली एक पोर होती. तिची काठी दिसतच नव्हती, फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. तिचं नाव इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

‘आज काय विशेष?’ मी विचारलं. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या डिग्रीची लाज वाटली. ‘ओ ताई, आज वस्तादांची जयंती की!’

वस्ताद म्हणजे लहुजी राघोजी साळवे. आम्हाला इतिहासात त्यांचं नाव जोतिराव फुल्यांच्या धड्यात एका ओळीपुरतं यायचं. ‘त्यांनी लहुजींकडे लाठीकाठीचे शिक्षण घेतले.’ बस्स. पुढच्या ओळीत शाळा सुरू. त्या एका ओळीमागे ८६ वर्षांचं आयुष्य उभं आहे, हे मला त्या वस्तीतून घरी आल्यावर पुस्तकं धुंडाळताना कळलं.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी, मातंग कुटुंबातला. घराण्याला ‘राऊत’ ही पदवी शिवाजी महाराजांच्या काळात मिळाली असं सांगतात. वडील राघोजी पेशव्यांच्या पदरी होते. अंगात अफाट ताकद, शस्त्रांची उत्तम जाण. त्यांनी वाघाशी झुंज घेतल्याची गोष्ट वस्तीतल्या पोरांना तोंडपाठ आहे. मुलाला शस्त्रविद्या बापाकडूनच मिळाली. पट्टा, भाला, तलवार, घोडेस्वारी, नेमबाजी सगळं.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला इंग्रज आणि पेशवे यांची लढाई झाली. त्या लढाईत राघोजी पडले. लहुजी तेव्हा तेवीस वर्षांचे होत आले होते, वाढदिवस नऊ दिवसांवर होता. बापाचं मरण त्यांनी पाहिलं आणि इंग्रजांशी लढायची शपथ घेतली, जन्मभर लग्न केलं नाही, असं सांगतात. दहा-बारा दिवसांत पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पेशवाई गेली. लढणाऱ्या माणसांच्या हाताला काम उरलं नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? कुणी शेतीला लागलं, कुणी वाटमारीला. लहुजींनी पुण्यात तालीम घातली. आपल्याजवळ जे होतं ते शिकवायला बसले.

‘वस्ताद’ हा शब्द आपण आता जरा वेगळ्याच अर्थाने वापरतो. ‘मोठा वस्ताद आहे हं तो’ म्हणजे बनेल माणूस. पण हा मूळचा ‘उस्ताद’, फारसीतून आलेला, म्हणजे शिकवणारा. गाण्यातला उस्ताद तसा कुस्तीतला, शस्त्रातला वस्ताद. तालमीत त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या पाया पडल्याशिवाय काठीला हात लावायचा नाही. आता विचार करा मैत्रिणींनो, ज्या काळात मांगाची सावली चालत नव्हती त्या काळात पुण्यातली माळ्याची, ब्राह्मणाची पोरं एका मांगाच्या तालमीत त्याच्या पाया पडून काठी उचलत होती. मला वाटतं, लहुजींनी पुण्यात जे काही केलं त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आणि ती करताना त्यांनी एकही भाषण दिलेलं नाही.

तालीम म्हणजे काय होती त्या काळी, हे कळायला मला एका चौदा वर्षांच्या मुलीचा आधार घ्यावा लागला. मुक्ता साळवे तिचं नाव. लहुजींच्या नात्यातली, कुणी नात म्हणतं, कुणी पुतणी. फुले दांपत्याच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली. १८५५ साली तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत. त्या निबंधात ती मागच्या राज्यातली एक गोष्ट सांगते. मांग किंवा महारांपैकी कुणी तालीमखान्यासमोरून नुसता गेला तरी त्याचं डोकं उडवायचे आणि गुलटेकडीच्या मैदानात त्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळायचे. तालमीच्या आत जाण्याची गोष्टच सोडा, तिच्या पुढच्या रस्त्याने चालायचीही चोरी!

हे वाचलं आणि मग मला लहुजींच्या तालमीचा अर्थ कळला. ज्या जागेसमोरून जायला आपल्या माणसांना बंदी होती, तीच जागा या माणसाने स्वतः बांधली. दार मात्र सगळ्यांना उघडं ठेवलं. सूड उगवायचा तर तो असाही उगवता येतो.

काय शिकवायचे तिथे? लाठी, बोथाटी, फरीगदगा, तलवार, दांडपट्टा, निशाणबाजी. यातल्या दांडपट्ट्याबद्दल थोडं सांगते, कारण तो मी आजोबांकडून समजून घेतला. त्यांच्याकडे खरा पट्टा नाही, लाकडी आहे. पट्ट्याचं पातं लांब, दुधारी आणि लवचीक असतं. मूठ तलवारीसारखी नसते. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो, त्यात हात घालायचा आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. त्यामुळे मनगट वळतच नाही. म्हणजे वार फिरवायचा तर खांदा, कंबर, पाय सगळं अंग फिरवावं लागतं. ‘म्हणून म्हणतो आधी पाय,’ आजोबा म्हणाले. ‘हात काय, कुणीबी फिरवतंय.’ पवित्रा, म्हणजे पावलांची ठेवण, हीच त्यांच्या शिकवण्यात पहिली आणि शेवटची गोष्ट. त्या पोरींना काठी हातात देण्याआधी त्यांनी महिनाभर नुसतं चालवलं होतं. मातीत फुल्या मारून, एका फुलीवरून दुसऱ्या फुलीवर.

जोतिराव फुले लहुजींकडे आले तेव्हा विशीच्या आतबाहेर असतील. लहुजी पन्नाशीचे. फुल्यांबरोबर त्यांचे ब्राह्मण मित्रही आले, सदाशिव गोवंडे वगैरे. डोक्यात तेव्हा इंग्रजांना हाकलायचं होतं. पुढे जोतिरावांचा विचार वळला. १८४८ मध्ये पुण्यात भिड्यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. ती शाळा, सावित्रीबाईंवर फेकलेलं शेण, पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं, हे सगळं आपल्याला पाठ आहे. ३ जानेवारीला आपण दरवर्षी ते सांगतो, मीही सांगते. पण शाळेसाठी मांग-महारांच्या वस्तीत जाऊन ‘पोरं पाठवा’ म्हणून सांगणारं कुणीतरी लागतं ना? बाहेरचा माणूस वस्तीत येऊन सांगतो तेव्हा लोक माना डोलावतात आणि पोर दुसऱ्या दिवशी गुरांमागे जातं. हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. फुल्यांच्या वतीने वस्तीतून हे काम करणाऱ्यांत लहुजी होते आणि महार समाजातले राणोजी होते. पोरं गोळा करायची, आई-बापांची समजूत घालायची. आणि वाटेत कुणी आडवं आलं तर लहुजींच्या तालमीतली पोरं होतीच.

शाळेच्या गोष्टीत आपण मास्तरीणबाई आठवतो, ते बरोबरच आहे. पण शाळेपर्यंतचा रस्ताही कुणीतरी राखलेला असतो. मुक्ता त्याच रस्त्याने शाळेत गेली आणि तीन वर्षांत असं लिहायला लागली की आजही वाचताना मान खाली जाते. आमच्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, हे तिने त्या वयात लिहिलं आहे. मी हे बचत गटात वाचून दाखवलं तेव्हा एक बाई पटकन म्हणाली, ‘आमच्यातल्या किती जणी फडावरच्या कोपीत बाळंत झाल्यात, तुम्ही लिवा की त्ये.’ लिहिते आहे.

लहुजींच्या शिष्यांची यादी भाषणागणिक लांबत जाते. जयंतीच्या व्यासपीठावर तर एकोणिसाव्या शतकातलं कुणीच सुटत नाही! मी आपली मोजक्या नावांवर थांबते. फुल्यांइतकंच दुसरं महत्त्वाचं नाव म्हणजे वासुदेव बळवंत फडके. एकाच वस्तादाचे दोन शिष्य, आणि वाटा किती वेगळ्या. एकाने पाटी-पेन्सिल हातात घेतली, दुसऱ्याने १८७९ मध्ये रामोशी आणि इतरांना जमवून सरकारविरुद्ध बंड केलं. फडके इंग्रजांच्या हातून निसटून इकडे निजामाच्या मुलखात आले होते, रोहिल्यांची फौज उभारायला. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. शेवटी जुलै १८७९ मध्ये ते विजापूरकडे पकडले गेले, एडनला काळ्या पाण्यावर गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले.

आणि लहुजी? तेही १७ फेब्रुवारीलाच गेले, दोन वर्षं आधी, १८८१ साली. म्हणजे आपला शिष्य पकडला गेला, त्याला साखळदंडात परदेशी नेलं, हे सगळं त्या म्हाताऱ्याला पंचाऐंशीव्या-शहाऐंशीव्या वर्षी ऐकावं लागलं. पुण्यात संगमवाडीला त्यांची समाधी आहे. मी पुण्याला बहिणीकडे गेले होते तेव्हा मुद्दाम जाऊन आले. तिथे एक आई शाळेच्या गणवेशातल्या मुलाला समाधीवर डोकं टेकवायला लावत होती.

लहुजींच्या अखेरच्या काळातच, १८७८ मध्ये, सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही. तलवारी गेल्या, पट्टे गेले. राहिली काठी. ती शेतकऱ्याच्या घरात असतेच, तिला परवाना कोण मागणार? मला वाटतं म्हणूनच खेड्यापाड्यांत लाठी टिकली. आजोबांचे वडील सांगायचे की रझाकारांच्या काळात आमच्या भागात रात्री गस्तीसाठी पोरांनी पुन्हा काठ्या हातात घेतल्या, आणि तेव्हा शिकवायला गावकऱ्यांनी मांगवाड्यातल्या माणसाला बोलावलं. ‘आणि १९४८ ला निजाम गेला?’ मी विचारलं. ‘मग पुन्हा हलगी वाजवायला बोलवायला लागले,’ आजोबा म्हणाले आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

आता या खेळाला थोडे बरे दिवस आले आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या रस्त्यावर दोन्ही हातांनी काठ्या फिरवणाऱ्या शांताबाई पवार आठवतात? पंचाऐंशीच्या घरातल्या त्या आजी. डोंबारी समाजातल्या. वडिलांकडून लहानपणी शिकलेली विद्या, नातवंडांच्या पोटासाठी म्हातारपणी रस्त्यावर आणावी लागली. व्हिडिओ गाजला, मदत आली, मुलींना शिकवायचा वर्गही निघाला. पण व्हिडिओ निघाला नसता तर? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. छान झालं. आजोबांना मी ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ‘मग एखादा पट्टा मिळंल का आम्हाला?’ ते लाकडी पट्ट्यावर शिकवतात, काठ्या स्वतः आणतात, तेल पाजून पोसतात. फी म्हणून जयंतीला एक टोपी आणि उपरणं.

आता त्या पोरीकडे येते.

तिचे आई-बाप फडावर गेलेले. ती आणि धाकटा भाऊ आजीजवळ. जयंतीनंतर दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले तर काठीच्या मेळ्यात ती दिसेना. चौकशी केली तेव्हा कळलं, स्थळ आलंय. मुलगाही ऊसतोडीतलाच. लग्न झालं की कोयता होतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम जोडीला उचल देतो. हा हिशोब आमच्या भागात सगळ्यांना कळतो, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

मी आजीपाशी बसले. कायदा सांगितला, अठरा वर्षं सांगितली, १०९८ नंबर सांगितला. आजी सुतळीसारखा दोर वळत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही सांगताव ते खरं हाय. पर तुम्ही चार वाजता एस्टीनं जाताव. रातच्याला हिला कोण राखणार? मला धड दिसंना झालंय.’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं सांगते, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात अशाच एका पोरीचं मला लग्नानंतर कळलं होतं. तेव्हाही मी चार वाजताच्या एस्टीनेच परत आले होते. तिच्या बचत गटाच्या पासबुकावर तिच्या आईने माझ्याकडून सही घेतली होती, ती कशासाठी हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

या वेळी आजोबा आले. त्यांना मी निरोप पाठवला नव्हता, आपणहून आले. आजीच्या ओट्यावर बसले, तंबाखू मळली. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘वैनी, पोरगी माझ्या घरी झोपू दे. माझ्या नाती हायतच तिघी. तिला काठी येती, मला राखण लागती. म्हातारा झालो मी बी.’ आजी काही बोलल्या नाहीत. पण दोर वळायचा हात थांबला तेवढा मी पाहिला.

त्याच रात्री मोबाइलवर फडावर फोन लागला. बाप चिडला. आई फक्त रडली. मी, आजोबा आणि गावातल्या शाळेच्या बाई असे तिघं बोललो. बाईंनी हंगामी वसतिगृहात नाव घालायची तयारी दाखवली, म्हणजे दोन वेळच्या जेवणाची चिंता नाही. शेवटी बाप म्हणाला, पट्टा पडू द्या, मग बघू. गाळप संपून कारखाना बंद होतो त्याला आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात. मी मनात म्हटलं, बाई गं, इथेही पट्टाच!

म्हणजे प्रश्न सुटलेला नाही. चैत्रापर्यंत पुढे गेलाय, एवढंच. त्या वेळी मला पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसायचं आहे आणि या वेळी मुक्कामाच्या तयारीनं जायचं ठरवलंय. घरी सांगूनही ठेवलंय, दोन दिवस कुकर तुम्ही लावा.

परवा पोरगी भेटली. काठीचा मेळा पुन्हा सुरू आहे, संध्याकाळी साडेपाचला, समाजमंदिरापुढे. मुक्ताच्या निबंधाची झेरॉक्स मी तिला दिली होती, ती तिने वहीत घालून ठेवली होती. तिने मला विचारलं, ‘ताई, ही मुक्ता किती वर्षांची होती तवा?’ मी म्हटलं, चौदा. ‘आन् शाळेत होती?’ हो, शाळेत होती.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, पाचवीतल्या दोन पोरी नव्याने यायला लागल्यात, त्यांना मोठ्या काठ्या झेपत नाहीत. बारीक काठ्या कुठे मिळतील? येरमाळ्याच्या बाजारात बघते म्हणून सांगून आले आहे.